म्हसळ्याला उघडलेलं चेंबर

दिवेआगर कसं आहे, असं सोसायटीतले लोक विचारतात. मी "छान आहे, जाऊन या" म्हणतो आणि लिफ्टचं बटण दाबतो. खरं सांगायचं तर चार दिवसांच्या त्या सहलीत समुद्र मी जेमतेम एक दिवस पाहिला. उरलेला वेळ एका इंजिनाचं पोट बघण्यात गेला. सुपारीच्या बागा, मोदक, पेणचे पापड यांची माहिती हवी असेल तर तीही इथे मिळेल, पण आडून आडून. बाकीचं सांगायची मला लाज वाटते, म्हणूनच लिहायला बसलोय. तोंडाने सांगायला गेलो की मी हमखास स्वतःला वाचवतो, हे मला याच प्रवासात कळलं.

मी नवीन पनवेलला राहतो. सरकारी प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षं डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालो. आमचे साडू विलासराव खारघरला असतात, त्यांच्या सहा स्कूल व्हॅन आहेत. माणूस हौशी, पण जिभेला हाड नाही. मला ते पहिल्यापासून "मास्तर" म्हणतात, आणि त्यात आदर किती नि टिंगल किती हे मला बावीस वर्षांत उमगलेलं नाही. त्यांना सगळ्या व्हॅनसाठी एकच कायमचं गॅरेज हवं होतं. मी माझ्या नरेशचं नाव सुचवलं.

नरेश हा माझा जुना विद्यार्थी. आगरी, पनवेलजवळच्याच गावचा. उरण रस्त्याला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पोरं शाळेत जातात, डोक्याला टक्कल पडायला लागलंय, तरी मला बघितलं की हातातला पाना खाली ठेवून उभा राहतो. माझ्या जुन्या सात सीटर डिझेल गाडीचं इंजिन त्यानेच डिसेंबरात बांधलं होतं. विलासराव म्हणाले, "चार दिवस तुमच्याच गाडीतून फिरू. तुमच्या चेल्याने इंजिन कसं बांधलंय ते बघतो, मग व्हॅनचा शब्द देतो." नरेशने व्हॅनच्या भरवशावर शेजारची शेडसुद्धा घेऊन ठेवली होती. म्हणजे आमची सहल आणि त्याची परीक्षा असा एकच बेत होता.

शनिवार : पनवेल ते म्हसळा

सकाळी सातला निघालो. मी, माझी बायको सुनंदा, विलासराव आणि सुनंदाची बहीण मंगल. पेणला पोचायच्या आतच दोघी बहिणींनी डबा उघडला. पेणला पापड आणि मिरगुंडं घ्यायची म्हणून थांबलो. पापड येताना घ्यायचे असतात, हे साधं शास्त्र आहे, पण सुनंदाचं म्हणणं असं की येताना तुम्ही थांबत नाही. मी पैसे दिले. पुढे नागोठण्यापर्यंत दोन्ही बाजूंना वालाची शेतं फुलली होती. कोलाडच्या पुढे एका टपरीवर आम्ही वालाची उसळ आणि पाव खाल्ला. तिखट अशी की विलासरावसुद्धा दहा मिनिटं गप्प बसले.

माणगावला महामार्ग सोडला आणि रस्ता एकदम आमच्या मनासारखा झाला. आंब्यांना मोहोर आला होता, काचा खाली केल्या की त्याचा वास आत येत होता. "इंजिन काय गोड चाललंय!" विलासराव म्हणाले. मला असं वाटलं की मीच चाललोय.

म्हसळ्याच्या अलीकडे एका चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. मी बाजूला घेतलं. गाडी थांबली, दिवा गेला.

"काय झालं मास्तर?"

"काही नाही. सेन्सर असेल," मी म्हणालो. उतरून ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल पुरेपूर. बोटावर चोळून बघितलं, पातळ झालेलं नव्हतं, डिझेलचा वास नव्हता. "बघा, ऑइल आहे, थांबल्यावर दिवा जातो. सेन्सर लबाड आहे, इंजिन नाही."

आता हे वाचणाऱ्यांत कोणी जाणकार असेल तर त्याने कपाळावर हात मारला असेल. मी स्वतः दरवर्षी फळ्यावर लिहायचो : दिवा लागला, इंजिन बंद करा. पट्टी बघा. मग सेन्सर काढून त्या जागी काट्याचं गेज लावा आणि प्रेशर प्रत्यक्ष मोजा. मोजल्याशिवाय कोणालाही दोष देऊ नका, सेन्सरलाही नाही आणि बेअरिंगलाही नाही. तीस वर्षं लिहिलं. आणि साडू बघतोय म्हणून मी किल्ली फिरवली आणि निघालो.

पाच मिनिटांत दिवा परत आला आणि इंजिनातून कुणी डब्यात खडे हलवावेत तसा टॅपेटचा, म्हणजे झडपांचा, आवाज यायला लागला. तेव्हा मात्र गाडी एका वडाखाली थांबवून मी नरेशला फोन लावला. विलासराव म्हणाले, "स्पीकरवर टाका, आम्हालाही ऐकू दे."

"सर, आदी गाडी बंद करा," नरेश म्हणाला.

"अरे, दिवेआगर आता वीसेक किलोमीटर राहिलंय. हळूहळू..."

"नाय सर. एक फूट पन नका नेऊ. टोचन लावा, पन चालू करू नका. तुमीच शिकवलंय."

माझ्याच शिकवणीने मला साडूसमोर गप्प केलं, याचा मला राग आला. लाजेच्या आधी माणसाला राग येतो. मी आवाज चढवला. "तू बेअरिंग बसवताना माप घेतलं होतंस का? की आपलं अंदाजपंचे? चार लोकांत माझी शोभा केलीस!"

मग तो म्हणाला, "माप घेतलं व्हतं सर. तरी माझं चुकलं असल. पन एक सांगा, मी गाडी दिल्यावर चेंबर कोनी खोललं व्हतं काय?"

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी. इंजिनाच्या तळाशी ऑइलची जी परात असते तिला आमच्यात चेंबर म्हणतात. नरेशने गाडी दिल्यावर पंधरा दिवसांनी पार्किंगच्या फरशीवर मला ऑइलचा एक थेंब दिसला. एकच. नरेशला फोन केला असता तर तो धावत आला असता. पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी! एका रविवारी मी गाडी रॅम्पवर चढवली, ऑइल काढलं, चेंबर खोललं आणि गळती बंद करायचं लाल सिलिकॉन लावून परत बसवलं. उजेडासाठी सुनंदाने बॅटरी धरली होती. पोरांना मी सांगायचो, सिलिकॉनची रेघ शेवईएवढी बारीक हवी, जास्तीचं आत फुगतं आणि सुटतं. स्वतःच्या गाडीला मात्र परत थेंब दिसायला नको म्हणून मी ते करंगळीएवढं जाड लावलं.

नरेशच्या प्रश्नावर मी म्हणालो, "नाही. कोणी खोलणार?"

मागच्या सीटवर सुनंदा होती. तिने माझ्याकडे आरशातून बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघायला लागली. बहिणीच्या नवऱ्यासमोर स्वतःच्या नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे आमच्याकडे बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. मी तिच्या त्या संस्कारांच्या आड लपलो.

"हाच ना तुमचा पहिल्या नंबराचा विद्यार्थी?" विलासराव म्हणाले. तिथेच वडाखाली उभं राहून त्यांनी कामोठ्याच्या कोणा गॅरेजवाल्याला फोन केला आणि सहाच्या सहा व्हॅन त्याला देऊन टाकल्या. दोन मिनिटांचं काम. मी वडाच्या पारंब्या बघत होतो.

एका टेम्पोवाल्याने टोचन लावून, दोराने ओढत, आम्हाला म्हसळ्याला हमीदभाईंच्या गॅरेजमध्ये आणलं. पन्नाशी उलटलेला उंच माणूस, दाढी मेंदीने लाल, वीस वर्षं आखातात मोठमोठ्या जनरेटरवर काम करून परत आलेला. मी लगेच माझी ओळख करून दिली, तीस वर्षं शिकवलंय वगैरे, आणि निदानही सांगून टाकलं : "बेअरिंग गेलंय."

"असेल साहेब," ते म्हणाले, "पण आधी विचारू तर इंजिनाला."

त्यांनी सेन्सर काढला आणि त्या जागी पितळी काट्याचं गेज बसवलं. अगदी क्षणभर इंजिन चालू केलं. काटा टुणकन वर गेला. त्यांनी हळूच रेस वाढवली, काटा खाली यायला लागला. लगेच बंद केलं. "बेअरिंग घासलं असतं तर उलटं झालं असतं. गरम झाल्यावर हळू चालताना प्रेशर पडलं असतं आणि रेस दिल्यावर वाढलं असतं. हे रेस दिली की पडतंय. म्हणजे पंपाला ऑइल ओढायला मिळत नाहीये. चेंबरातल्या जाळीत कचरा आहे. गाडी उभी राहिली की कचरा सुटून खाली बसतो, म्हणून तुमचा दिवा जात होता."

हे सगळं मी शब्दशः शिकवलेलं आहे. थांबल्यावर दिवा जातो, हे मी सेन्सरच्या नावावर खपवलं होतं. आणि त्या जाळीत कसला कचरा आहे, हेही मला त्याच क्षणी समजलं.

हमीदभाई म्हणाले, "आज ऑइल निथळू दे. सकाळी खोलू. ज्याची गाडी त्याने समोर उभं राहून बघायचं, असा माझा कायदा आहे. मागाहून शक नको."

त्यांच्या घरच्या वरच्या मजल्यावर आमची सोय झाली. त्यांच्या बायकोने, सायराभाभींनी, तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण आणि वर गोड सांदणं केली होती. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या" म्हणून चारदा आग्रह करतात. इथे विचारत नाहीत, ताटात पडतंच. विलासरावांनी सहा सांदणं खाल्ली. मला दोन जाईनात.

रविवार : म्हसळा

सकाळी गाडीखाली पांढरी धुतलेली चादर अंथरलेली होती. हमीदभाई जो भाग काढतात तो त्या चादरीवर ओळीने मांडतात, म्हणजे काय निघालं ते कोणापासून लपत नाही. मी आणि विलासराव शेजारी उभे होतो. तेवढ्यात फाटकातून नरेश आला. पहाटेची श्रीवर्धन एसटी पकडून आला होता, खांद्यावर पोतं, त्यात नवा ऑइल पंप आणि बेअरिंगचा जोड. रात्री फोनवर मी त्याला येऊ नकोस म्हणालो होतो, म्हणजे तशी माझी बाजू भक्कम होती!

तो माझ्या पाया पडला. विलासरावांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चेंबर खाली आलं. हमीदभाईंनी पंपाची जाळी काढून चादरीवर ठेवली. त्या जाळीत लाल सिलिकॉनचे लांब लांब तुकडे गच्च अडकले होते, गाजराचा कीस भरावा तसे. चेंबरच्या कडेलाही आतल्या बाजूने लाल झालर सुटलेली होती.

"तोबा!" हमीदभाई म्हणाले. "हे कोणी लावलं? मेकॅनिकचा हात नाही हा. एवढं लावणारे दोनच असतात, एक नवशिका आणि दुसरा पुस्तकवाला."

नरेश वाकला. एक तुकडा उचलून त्याने बोटांत फिरवला. त्याच्या गॅरेजमध्ये लाल सिलिकॉन नसतंच, तो काळं वापरतो आणि तेही गॅसकेटच्या कोपऱ्यांना टिकलीएवढं. हे मला माहीत होतं, मीच त्याला सवय लावलेली. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मला बोलायला पुरेल एवढा वेळ नक्की होता. "मी लावलं" हे दोन शब्द. विलासरावांचा हात कमरेवर होता आणि ते वाट बघत होते.

"माझ्याकडूनच ऱ्हायलं सर," नरेश म्हणाला. "घाईत जास्त लागलं असल. माफ करा."

"तू लावलंस हे?" हमीदभाईंनी विचारलं.

"हा."

मी काय केलं? मी मान हलवली. एवढंच नाही, "पुढच्या वेळी काळजी घे" असंही म्हणालो. हे वाक्य लिहिताना मी दोनदा उठून पाणी प्यायलो.

मग त्या दोघांनी मिळून जाळी धुतली, चेंबर खरवडून लख्ख केलं, नवीन गॅसकेट लावली, ऑइल भरलं. गेज लावून चालू केलं. काटा वर गेला आणि रेस दिल्यावर आणखी वर गेला, तिथे थांबला. बेअरिंग शाबूत होतं, कारण गाडी वेळेत बंद झाली होती, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून बंद झाली होती हे वेगळं सांगायला नको. नरेश जेवायलाही थांबला नाही. दुपारच्या एसटीने पोतं घेऊन परत गेला.

निघताना हमीदभाईंनी मला एका बाजूला घेतलं. "साहेब, तुमच्या शागिर्दाला काम येतं. झूठ मात्र बोलता येत नाही."

सोमवार : दिवेआगर

दिवेआगर छान आहे. खोटं नाही. पोफळींच्या बागांतून वाट जाते, मधे सुरूचं बन, आणि मग एकदम मोठा मोकळा किनारा. खानावळीत उकडीचे मोदक असे की कळ्या मोजून घ्याव्यात, वर घरचं तूप. घरमालकीण सुपारी सोलत बसली होती, तिने रोठा सुपारी कशी ओळखायची हे दोघी बहिणींना शिकवलं. पनवेलला आमच्या शेजाऱ्यांची नावं मला धड माहीत नाहीत आणि इथे तासाभरात तिला आमच्या मुलीच्या सासूचं आजारपण ठाऊक झालं होतं.

संध्याकाळी मी आणि सुनंदा पाण्याच्या कडेने चालत होतो. ती कालपासून माझ्याशी जेवणापुरतंच बोलत होती.

"बॅटरी मी धरली होती," ती म्हणाली.

"माहितेय."

"मला खालून ते लाल दिसत होतं. मी म्हटलंही होतं, अहो, फार नाही का होत? तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय." ती थांबली. "मला खरंच काही कळत नाही त्यातलं. पण त्या नरेशने तुमच्या पायाला हात लावला, ते मी वरून बघितलं हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

मी म्हणालो, "सांगतो मी विलासरावांना."

"माझ्यासाठी नका सांगू," ती म्हणाली आणि पुढे निघून गेली.

मंगळवार : परत पनवेल

परतीला माणगावला चहाला थांबलो. मंगल आणि सुनंदा चिकू घ्यायला गेल्या होत्या. मी विलासरावांना सांगितलं. आडवळण न घेता, चेंबर, तो घरचा रविवार, लाल सिलिकॉन, सगळं. मला वाटलं होतं ते हसतील, टिंगल करतील, आयुष्यभर पुरेल एवढा दारूगोळा मी त्यांच्या हातात दिला होता. पण ते हसले नाहीत. चहाची बशी त्यांनी खाली ठेवली.

"मास्तर, आता सांगताय?"

"हो."

"मी कामोठ्याला शब्द दिलाय. त्याने कालच दोन व्हॅन उचलल्या. माझं काय हो, तुमची थट्टा करायची म्हणून मी काहीही बोलतो. पण त्या बिचाऱ्याला मी काय समजलो!" मग पनवेल येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या टोमण्यांची मला इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

बुधवार : उरण रस्ता

सकाळी दहाला नरेशच्या गॅरेजवर गेलो. दोन रिक्षावाले आणि एक टेम्पोमालक बसले होते. मी मुद्दाम त्यांच्यासमोरच बोललो. "नरेश, चेंबर मी खोललं होतं. सिलिकॉन मी लावलं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो आणि म्हसळ्यालाही गप्प बसलो. माझं चुकलं."

रिक्षावाले एकमेकांकडे बघायला लागले. नरेशने हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले, माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि चहा सांगितला. शेजारची नवी शेड रिकामीच होती, फरशी झाडून ठेवलेली.

"विलासरावांचा फोन आलता," तो म्हणाला. "लई बोलले, माफी मागितली. पन व्हॅन आता नाय होनार."

"मी त्यांना परत सांगून बघतो."

"ऱ्हाऊ द्या सर. शब्द दिलाय त्यांनी."

मी विचारलं, "तू का घेतलंस रे माझं स्वतःवर? तुला तर तुकडा बघताच कळलं होतं."

तो माझ्याशेजारी टूलबॉक्सवर बसला. मग खालच्या आवाजात, रिक्षावाल्यांना ऐकू जाणार नाही इतपत, म्हणाला, "मी बोललो का तुमी लगेच बोलाल, नाय रे, तू नाय, मी लावलंय, असं वाटलं व्हतं सर. म्हनून बोललो. मंग तुमी नायच बोललात."

चहा आला. त्याने पहिला ग्लास माझ्या हातात दिला. मी तो घेतला, आणि नरेशकडे बघायचं धाडस मला अजून झालेलं नाही.